पेठेचा संघ

(कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्याच नगरीत फुटबॉलवर जीव टाकणारे लोकही घरोघर आढळतात. तेथील संघ पेठेच्या तालमीतून कसे उभे राहिले आणि त्या संघांच्या पाठीराख्यांनी आपले प्रेम कसे व्यक्त करावे, ह्याचे वर्णन प्रस्तुत पाठात केले आहे.)

कोल्हापूर म्हटले की अंबाबाईचे मंदिर, रंकाळा तलाव, गूळ, चामडी वहाणा आणि कुस्तीची लाल माती ही नावे ओठांवर येतात. फुटबॉलचे नाव बाहेरगावचा मनुष्य सहसा घेत नाही. परंतु हिवाळ्यातील एखाद्या सामन्याच्या दिवशी, दुपार कलू लागली असता, शिवाजी पेठेतून किंवा मंगळवार पेठेतून फेरफटका मारावा. दुकानदार घाईघाईने गिऱ्हाईक उरकीत असतो. रिक्षावाला ‘आता भाडे नको’ म्हणून मान हलवितो. शाळेतून परतलेली मुले दप्तर उंबऱ्यातच टाकतात आणि भाकरीचा तुकडा तोंडात कोंबून धावत सुटतात. सर्वांची पावले राजर्षी शाहू स्टेडियमकडे वळलेली असतात.

फुटबॉल हा परदेशातून आलेला खेळ. तो ह्या नगरीत इतका कसा रुजला? हे समजून घ्यावयाचे असेल, तर आधी तालीम म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. तालीम म्हणजे व्यायामशाळा, हा झाला शब्दकोशातला अर्थ. कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेचे दुसरे घर होय. आत लाल मातीचा आखाडा असावा, कोनाड्यात मारुतीची मूर्ती असावी, पहाटे जोर-बैठकांचा आवाज घुमावा, असे तिचे जुने रूप. पण तेथे केवळ शरीरच घडत नसे. गणेशोत्सवाची व शिवजयंतीची आखणी तेथेच होई. पेठेतले तंटे तेथेच मिटत. कोणाच्या घरी लग्नकार्य निघाले किंवा कोणावर संकट कोसळले, की पहिली हाक तालमीलाच जाई.

राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) मल्लविद्येला उदार आश्रय दिला. १९०२ साली महाराज युरोपच्या प्रवासास गेले होते. रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना कोल्हापुरात भव्य कुस्ती मैदान बांधण्याची प्रेरणा मिळाली, असे सांगतात. ते खासबाग मैदान १९१२ साली उभे राहिले. मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे दूर बसलेल्या प्रेक्षकालाही कुस्ती नीट दिसते. खेळ पाहण्यासाठी हजारोंनी जमावे आणि दोन्ही बाजूंच्या डावांना दाद द्यावी, हे वळण कोल्हापूरकरांना अशा मैदानांतूनच लागले.

इकडे फुटबॉलही भारतात पाय रोवू लागला होता. ह्या खेळाचे आधुनिक नियम १८६३ साली लंडन येथे तयार झाले. पुढे इंग्रजांच्या पलटणींबरोबर तो आपल्या देशात आला. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट ह्या गोऱ्या पलटणीच्या संघाला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकले. मोहन बागानचे बहुतेक खेळाडू त्या दिवशी अनवाणी खेळले होते! कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२–१९४०) फुटबॉलला राजाश्रय लाभला. अन्यत्र ह्या खेळासाठी नवे क्लब काढावे लागले. कोल्हापुरात तालमी आधीपासूनच होत्या. जोर-बैठकांनी कमावलेला दम मैदानावर कामी आला. ज्या पेठेचा पहिलवान, त्याच पेठेचा आता संघही झाला.

म्हणूनच येथील संघांची नावे ऐकताना नवख्या माणसास मौज वाटते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, उत्तरेश्वर पेठेतील वाघाची तालीम, ही कुस्तीच्या आखाड्यांची नावे वाटतात, पण हे सर्व फुटबॉलचे संघ आहेत. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ असेही संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था ह्या संघांची साखळी स्पर्धा भरविते. हिवाळ्यात हंगाम सुरू होतो आणि पावसाळा तोंडावर आला म्हणजे संपतो.

ह्या संघांच्या पाठीराख्यांचे एक वैशिष्ट्य आहे. त्यांना आपला संघ निवडावा लागत नाही. ज्या गल्लीत पाळणा हलला, त्या गल्लीची तालीम हाच आपला संघ. आजोबा ज्या संघासाठी ओरडले, त्याच संघासाठी नातूही ओरडतो. मैदानावर धावणारा खेळाडू हा कोणी दूरचा तारा नसतो. तो शेजारच्या घरातला दादा असतो. त्याच्या बुटांसाठी पेठेने वर्गणी दिलेली असते. त्यामुळे संघ जिंकला की सारी पेठ जिंकते आणि हरला की घराघरांत चूल मंदावते.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीतील दूध कट्ट्यावर जावे. तेथे म्हशी उभ्या असतात. गवळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला हातात देतो. हे धारोष्ण दूध पिण्यास जसे पहिलवान येतात, तसे फुटबॉलचे शौकीनही येतात. त्यांच्या बोलण्यात खेळ, संसार आणि पाऊसपाणी ह्यांची सरमिसळ असते. अशा कट्ट्यावर कानी पडावा असा हा एक संवाद पाहा. बोलणारे आहेत सत्तरी उलटलेले आबा, सातवीत शिकणारा त्यांचा नातू, एक रिक्षावाला आणि गवळी.

“एका गोलानं गेलो, आबा!” रिक्षावाला म्हणाला. “रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई.”

“हाफटाइमनंतर आपली पोरं दमली,” आबा म्हणाले. “थंडीत पहाटे उठून पळायला नगं वाटतंय. मग दम कुठनं येणार?”

“पोरांनी तरी काय करायचं? गोलकीपर पहाटे घरोघर पेपर टाकतोय. बॅकला खेळणारा शिरोलीच्या फाउंड्रीत रातपाळी करतोय. रातभर लोखंडाच्या रसापुढं उभं ऱ्हायाचं आणि दुपारी मैदानात पळायचं, ही काय सोपी गोष्ट हाय?”

“तेबी खरंच,” आबा म्हणाले. “परवा बुटांची वर्गणी काढली, तवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशीनं शंभर रुपये काढून दिलं. तिला ऑफसाइड म्हंजे काय ते ठावं न्हाई. पण पोरं हरली म्हणून काल ती रातचं जेवली न्हाई.”

“आबा, जरा हळू बोला,” गवळी धार काढता काढता म्हणाला. “माझ्या म्हशीबी ऐकायल्यात. दुःखानं दूध आटंल!”

सगळे हसले. पण नातवाच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. तो म्हणाला, “आबा, पुढल्या आठवड्यात त्येंची आणि आपली परत गाठ हाय. काल त्येंनी आपल्याला लई चिडवलं. गल्लीतली मोठी पोरं म्हणायलीत, आता गप बसायचं न्हाई. मीबी त्येंच्यासंगं जाणार हाय.”

आबांनी दुधाचा पेला खाली ठेवला. “जा की. खिशात काय घेऊन जाणार? शेंगदाणे का दगड?”

मुलाने मान खाली घातली.

“पोरगं हाय, आबा,” रिक्षावाला मध्येच म्हणाला. “पण ऐकून तरी किती घ्यायचं? त्येंच्या गॅलरीतनं काल काय काय शब्द आलं!”

इतक्यात एका गृहस्थाने आपली मोटारसायकल कट्ट्याशेजारी उभी केली आणि गवळ्यापुढे किटली धरली. ते विरुद्ध पेठेतले, जिंकलेल्या तालमीचे जुने कार्यकर्ते होते. रिक्षावाल्याने तोंड फिरवले. आबा मात्र म्हणाले, “या, या! काल जिंकलासा. गोल झकास हुता. आमच्या बॅकला कळलंच न्हाई, पोरगं कुठनं आलं ते.”

“आबा, खरं सांगू का?” गृहस्थ म्हणाले. “शेवटची पाच मिनिटं आमचाबी जीव टांगणीला लागला हुता. तुमच्या पोरानं मारल्याला बॉल खांबाला लागला, म्हणून वाचलो.” मग ते रिक्षावाल्याकडे वळले. “काय भावा, आईचं कसं हाय? दवाखान्यातनं घरी आणली का?”

रिक्षावाला क्षणभर घुटमळला. मग हळूच म्हणाला, “आणली की. परवाच आणली. आता बसून जेवतीया.” थोडे थांबून तो आणखी म्हणाला, “तुमच्या तालमीच्या दोन पोरांनी रक्त दिलं म्हणून निभावलं. त्येंला सांगा, आईनं आठवण काढलीया.”

गृहस्थ किटली घेऊन निघून गेले. कोणी काही बोलले नाही. मुलगा त्यांच्या मोटारसायकलीकडे ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिला.

“पुढल्या सामन्याला माझ्यासंगं चल,” आबा उठत म्हणाले. “शेंगदाणे मी घेतो.”

ह्या साध्या बोलण्यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मैदानावर दोन पेठा समोरासमोर उभ्या राहतात, परंतु त्या एकाच पंचगंगेचे पाणी पितात. एका पेठेतला माणूस दुसऱ्या पेठेतल्या दुकानात काम करतो. एकीकडची लेक दुसरीकडची सून होते. ईर्ष्या ही खेळाची गोडी आहे आणि ती असावीच. प्रतिस्पर्धी तुल्यबळ नसेल तर विजयाला चव कोठून येणार? पण प्रतिस्पर्ध्याला शत्रू मानले की खेळ उरत नाही.

दुर्दैवाने कोल्हापुरातही काही वेळा ह्या मर्यादेचे भान सुटलेले आहे. प्रेक्षकांत हाणामारी झाली, दगड भिरकावले गेले आणि चालू सामने थांबवावे लागले, असे प्रसंग घडले आहेत. अशा वेळी खरे नुकसान कोणाचे होते, ह्याचा विचार करून पाहा. रातपाळी करून सराव केलेल्या खेळाडूचा हंगाम वाया जातो. कुटुंबासह येणारे प्रेक्षक, विशेषतः स्त्रिया व लहान मुले, मैदानाकडे फिरकेनाशी होतात. मुलींचे पाऊलही आता फुटबॉलच्या मैदानावर पडू लागले आहे. तेथे भीतीचे वातावरण असेल तर कोणते आईबाप आपल्या मुलीला खेळावयास पाठवतील? ज्याने दगड उचलला त्याचेही हित होत नाही. सैन्यात किंवा पोलिसांत भरती व्हावे, अशी कोल्हापूर जिल्ह्यातील कितीतरी तरुणांची इच्छा असते. तेथे भरतीच्या वेळी चारित्र्याची चौकशी होते. रागाच्या एका क्षणी नोंदला गेलेला गुन्हा वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर पाणी पाडू शकतो.

मैदानावरील बेभानपणाची सर्वांत मोठी किंमत आपल्या देशात कोलकाता शहराने मोजली. तेथे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्या संघांचे वैर फार जुने आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्स मैदानावर ह्या दोन संघांचा सामना चालू असताना प्रेक्षकांत मारामारी सुरू झाली. जमाव बिथरला, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जणांचे प्राण गेले. सामना पाहून रात्री घरी परतू, असे सांगून ते बाहेर पडले होते. कोलकात्याने हा दिवस विस्मृतीत जाऊ दिला नाही. दर वर्षी १६ ऑगस्टला तेथे फुटबॉलप्रेमी दिन पाळतात आणि मृतांच्या स्मरणार्थ रक्तदान करतात. ज्या दिवशी मैदानाजवळ रक्त सांडले, त्याच दिवशी आता अनोळखी रुग्णासाठी रक्त दिले जाते.

पराभव कसा स्वीकारावा, ह्याचा धडा जपानी प्रेक्षकांनी जगाला दिला आहे. २ जुलै २०१८ रोजी रशियातील विश्वचषक स्पर्धेत जपानची गाठ बेल्जियमशी पडली. जपानने दोन गोलांची आघाडी घेतली होती. विजय अगदी हाताशी आला होता. परंतु बेल्जियमने तीन गोल केले आणि त्यांतला शेवटचा तर सामना संपता संपता केला. जपानी पाठीराख्यांचे डोळे पाणावले. तरी त्यांनी बरोबर आणलेल्या पिशव्या काढल्या आणि आपण बसलो होतो तेथला कचरा गोळा करूनच ते बाहेर पडले. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या गल्लीबोळांतून ब्राझील, अर्जेंटिना अशा देशांचे झेंडे लागतात. त्या झेंड्यांबरोबर जपानी पाठीराख्यांची ही रीतही घेण्याजोगी आहे.

तथापि शिकण्यासाठी नेहमी दूर देशीच गेले पाहिजे असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. चिखली व आंबेवाडी ह्या गावांना पाण्याने वेढले आणि तेथील लोकांना नावांमधून बाहेर काढावे लागले. त्या दिवसांत सैनिक आणि आपत्ती निवारण दलाचे जवान अहोरात्र झटत होते. त्यांच्या मदतीला कोल्हापुरातील तालमींचे व मंडळांचे तरुण धावले. कोणी अडकलेल्यांना सुरक्षित जागी आणले. कोणी भाकऱ्या आणि पिण्याचे पाणी पोहोचविले. कोणी पूर ओसरल्यावर घराघरांतला चिखल उपसला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हाही तेच घडले. पाण्यातून हात देताना ‘तुझी पेठ कोणती?’ असे कोण विचारीत बसणार? जे हात स्टेडियममध्ये झेंडे फडकवितात, तेच हात त्या वेळी चिखलात राबत होते.

२०१७ साली असाच एक आनंदाचा प्रसंग आला. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात भारतात भरली होती. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताला अमेरिका, कोलंबिया व घाना ह्या तिन्ही संघांकडून हार पत्करावी लागली. परंतु कोल्हापूरकरांची मान त्यामुळे खाली गेली नाही. अनिकेत मैदानात उतरला तेव्हा तो कोणा एका पेठेचा राहिला नव्हता. तो साऱ्या कोल्हापूरचा आणि साऱ्या देशाचा होता. एखाद्या पेठेच्या मैदानातून असा खेळाडू पुढे यावयाचा असेल, तर ते मैदान शांत आणि खेळासाठी खुले असावे लागते. ते तसे राखण्याचे काम पाठीराख्यांचे आहे.

आपल्या संघासाठी कंठ कोरडा पडेपर्यंत ओरडावे. तो हरला तर मनातून दुःखीही व्हावे. मात्र पंचांचा निर्णय मान्य करावा. प्रतिपक्षाच्या सुंदर गोलाला टाळी द्यावी आणि सामना संपल्यावर शेजाऱ्याबरोबर शेजाऱ्यासारखे घरी परतावे. तालमीचे नाव वाढविण्यास मैदानावरचे अकरा खेळाडू पुरेसे असतात. ते नाव राखण्यासाठी मात्र मैदानाबाहेरच्या हजारोंनी झटावे लागते.

अभ्यास

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खासबाग मैदान कोणत्या साली उभे राहिले?
(आ) कोल्हापुरातील साखळी फुटबॉल स्पर्धा कोणती संस्था भरविते?
(इ) १९११ साली आयएफए शील्ड कोणत्या भारतीय संघाने जिंकले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘तालीम म्हणजे पेठेचे दुसरे घर’ असे का म्हटले आहे?
(आ) विरुद्ध पेठेतील गृहस्थ आल्यावर रिक्षावाल्याने प्रथम तोंड का फिरवले? पुढे तो कसा बोलला व का?
(इ) मैदानावर दंगा झाल्यास कोणाकोणाचे नुकसान होते, ते पाठाच्या आधारे सांगा.
(ई) फुटबॉलप्रेमी दिन का व कसा पाळला जातो?

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
जीव टांगणीला लागणे, डोळ्याला डोळा न लागणे, भान सुटणे, मेहनतीवर पाणी पाडणे, पाय रोवणे.

४. संवादातील पुढील वाक्ये प्रमाण भाषेत लिहा.
(अ) “तिला ऑफसाइड म्हंजे काय ते ठावं न्हाई.”
(आ) “शेवटची पाच मिनिटं आमचाबी जीव टांगणीला लागला हुता.”

५. उपक्रम
आपल्या गावातील किंवा पेठेतील एखाद्या तालमीस, व्यायामशाळेस अथवा मंडळास भेट द्या. तेथील वडीलधाऱ्या माणसांना जुन्या सामन्यांविषयी विचारा आणि मिळालेली माहिती पंधरा ओळींत लिहा.